फेरफार मोठ्याने वाचा

(मुरबाड येथील शेतकरी बंधूंच्या सभेत एका प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



आम्हाला भाषणाची सवय नाही. आमचा धंदा फळ्यावर लिहिण्याचा आणि पोरांकडून पाढे म्हणवून घेण्याचा. पण सभेच्या चिटणीसांचा निरोप आला की, यंदा आदिवासी बंधूंच्या जमिनीविषयी कोणीतरी बोलावे, आणि तो बोलणारा वकील नसावा, पुढारी नसावा व जमिनीचा दलालही नसावा. असा प्राणी आजकाल तालुक्यात मास्तरच काय तो उरला आहे! तेव्हा उभे राहिलो आहोत. जे बोलणार आहोत ते सर्वांना गोड लागेल असे नाही, एवढे आधीच सांगून ठेवतो.

मुरबाड आणि शहापूर हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याचे. एका अंगाला नाणेघाट आणि माळशेज, दुसऱ्या अंगाला कसारा. मध्ये काळू, शाई, भातसा या नद्या. येथे ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली ही मंडळी किती पिढ्यांपासून राहतात याचा दाखला कोणत्याही कचेरीत मिळत नाही. मिळेल कसा? माणसे आधी होती, कचेरी मागून आली. आणि आज उलटाच न्याय आहे. मागून आलेली कचेरी आधीच्या माणसाला विचारते, तू येथला कशावरून?

ही मंडळी येथली कशावरून, ते आम्ही सांगतो. पावसाची पहिली सर येण्याच्या सुमारास ठाकरबाया शेवळांच्या जुड्या घेऊन मुरबाडच्या आणि कल्याणच्या बाजारात बसतात. तुम्ही-आम्ही ती भाजी हौसेने घेतो. शेवळाबरोबर काकडाची फळे घातली नाहीत तर घसा खाजतो, हे त्या बाईच आपल्याला सांगतात. ते शेवळ कोणत्या माळावर उगवते, किती खुडावे आणि कंद जमिनीत कसा राखावा, हे तिला तिच्या आजीने हात धरून दाखविलेले असते. आमच्या वर्गातील ठाकराचे पोर भागाकारात चुकते, पण टाकळा, कुरडू, भारंगी, लोत, कडूकंद अशी रानातली नावे ते एका दमात सांगते. वाघबारशीला वाघोबाच्या दगडाला शेंदूर लागतो, तो दगड ज्या हद्दीवर आहे ती हद्द त्यांना ठाऊक असते. आपण त्या जमिनीला गट नंबर म्हणतो. त्यांच्यापाशी त्याच माळाला, त्याच उताराला, त्याच पाणवठ्याला एकेक नाव आहे. माणूस परमुलखातल्या जमिनीला अशी नावे ठेवीत नाही. आणि कातकऱ्याचे तर नावच येथल्या झाडावरून पडले. खैराच्या लाकडापासून कात काढणारा तो कातकरी. खैर गेला, कात गेला, नाव तेवढे राहिले.

आता ही जमीन त्यांच्या हातून गेली कशी? चोरी एका रात्रीत होते. ही चोरी शंभर-सव्वाशे वर्षे कागदोपत्री, शिक्क्यासकट चालली, म्हणून तिला चोरी म्हणण्याचा धीर कोणाला होत नाही.

इंग्रजांनी जमिनीची मोजणी केली, आकार ठरविला आणि सारा रोख मागितला. ज्याच्या घरात पैसा कधी आलाच नव्हता त्याने रोख आणावयाचे कोठून? सावकाराकडून. आषाढ-श्रावणात घरातले दाणे संपतात. तेव्हा खावटी काढावयाची आणि सुगीला दिढीने फेडावयाची. एक साल पीक बुडाले की दिढीवर दिढी. अंगठा कोणत्या मजकुराखाली उठला ते अंगठेबहाद्दराला ठाऊक नाही, कोर्टाची नोटीस आली ती वाचणारा कोणी नाही, आणि हुकूमनामा एकतर्फी. जमीन सावकाराच्या नावे झाली. पण कसणार कोण? तोच ठाकर! काल जो मालक होता तो आज आपल्याच शेतात खंड भरू लागला. वर वेठ निराळी. सावकाराचे गवत कापा, लाकडे वहा, घर शाकारा. महादेव कोळ्यांपैकी राघोजी भांगरे याने सावकारांविरुद्ध आणि त्यांना पाठीशी घालणाऱ्या सरकारविरुद्ध बंड केले, त्याला २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. सावकाराला फाशी दिल्याचे आमच्या वाचनात नाही.

शेत गेले तरी रान होते. मग १८७८ चा जंगल कायदा आला. भाताच्या रोपासाठी राब भाजल्याशिवाय आपल्या भागात शेती होत नसे, हे तुम्हा शेतकऱ्यांना सांगावयास नको. त्या राबाच्या फांद्या तोडणे गुन्हा ठरला. गुरे चारणे गुन्हा. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतका आरडाओरडा झाला की सरकारला १८८५ साली चौकशीसाठी जंगल कमिशन नेमावे लागले. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगलखात्याने गरिबांची गायराने कशी गिळली ते लिहून ठेविलेच होते. पुढे १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. घरात मोहाची फुले बाळगणे हा अपराध! योगायोग असा की त्याच १८९२ साली शहापूर तालुक्यातल्या तानशाचे पाणी मुंबईला पोहोचले. रानातले फूल रानातल्या माणसाला बंद आणि रानातले पाणी शहराला खुले. पुढे भातसाही झाले. आज मुंबईकर तोटी सोडतो त्यात निम्म्याच्या आसपास पाणी भातशाचे असते, आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बाया हंडे मांडून बसतात.

१९३८ साली सिमिंग्टन नावाच्या एका गोऱ्या मुलकी अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील आदिवासींच्या स्थितीचा अहवाल लिहिला. जमीनदार आणि सावकार या लोकांना कर्जाच्या फासात अडकवून गुलामासारखे राबवितात, हे त्याने स्पष्ट नमूद केले. सरकारचाच माणूस, सरकारचाच कागद, आणि तो सरकारच्याच कपाटात पडून राहिला. मग जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्यास किसान सभेची परिषद झाली, त्याच साली मे महिन्यात झरी गावी वारल्यांनी वेठ बंद करण्याचा ठराव केला. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्या पाठीशी होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने जन्मभर सावकाराच्या दारी राबावयाचे, अशांना लग्नगडी म्हणत. ते लग्नगडी सुटले. त्याचे मोल म्हणून १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्यास गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड याच्यासह पाच वारली पडले.

येथपर्यंतची हकीकत आपल्या सभांतून नेहमी सांगितली जाते आणि ऐकणारे माना डोलावतात. कारण तीत खलपुरुष ठरलेला आहे. गोरा साहेब, शेंडीवाला कारकून, पेढीवरचा शेठ. आपण बहुजन त्या गोष्टीत कोठेच नाही, आणि असलोच तर मार खाणाऱ्यांच्या बाजूला. गोष्ट येथे संपविली तर टाळ्या पडतील. पण गोष्ट येथे संपत नाही.

आम्ही मराठी ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडल्यावर हौसेने मोडी शिकलो. त्यामुळे गावोगावचे लोक जुने कागद वाचून घ्यावयास आमच्याकडे येतात. १९०३ च्या कायद्यानंतर हक्कनोंदी सुरू झाल्या, तेव्हापासूनचे एका गावचे फेरफार आम्ही ओळीने वाचले. गावाचे नाव सांगत नाही, कारण तुमचे गाव काढले तरी फारसे निराळे निघेल असे वाटत नाही. पहिल्या पानांवर नावापुढे नुसते ‘ठाकूर’ किंवा ‘कातकरी’. मग ‘कर्जापोटी’ असा शेरा आणि सावकाराचे नाव. मग खरेदीखत, मग वारसनोंद. आणि मग मध्यावर आडनावे बदलू लागतात. सावकार शहराकडे निघून जातो आणि त्याच्या जागी जी आडनावे येतात ती आपली आहेत. कुणबी, आगरी, मराठा. या मांडवात बसलेल्यांची आणि कदाचित या टेबलाभोवती बसलेल्यांचीही.

हे कसे झाले? कुळकायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवशी जो जमीन कसत होता तो मालक मानला गेला. ही केवढी मोठी गोष्ट, हे आम्ही का सांगावे! त्याच्यासाठी कोकणातल्या शेतकऱ्याने काय सोसले? अलिबागेकडे चरीच्या आगरी बांधवांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली १९३३ पासून वर्षानुवर्षे संप चालविला, जमिनी ओसाड टाकल्या, उपाशी राहिले. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे बिल कायदेमंडळात मांडले. या सर्वांनी खोताला एकच प्रश्न विचारला : जमीन कसली कोणी? घाम कोणाचा? कागद तुझा असेल, पण रान मोडून खाचर केले कोणी? या प्रश्नापुढे खोताचा कागद फिका पडला.

पण त्या दिवशी कुळ ठरले ते ज्याचे नाव तलाठ्याच्या वहीत होते ते. कुणब्याचे नाव होते, कारण कुणबी गावठाणात राहत होता, पाटलाशी त्याचे बोलणे होते, पोराला चार अक्षरे येत होती. डोंगराच्या अंगाला राहणारा ठाकर, सुगी झाली की पोटामागे फिरणारा कातकरी यांची नावे पुष्कळ ठिकाणी वहीत नव्हतीच. कसणारा तो, वहीत नाव दुसऱ्याचे. जेथे नाव होते तेथेही किंमत भरावयाची मुदत आणि तारीख त्याला कळली नाही. आणि काही ठिकाणी, बंधूंनो, कळू दिली नाही. जो प्रश्न आपण खोताला विचारला तोच प्रश्न आज ठाकर आपल्याला विचारील तर आपण काय उत्तर देणार? खोताने दिले तेच? ‘कागद आमचा आहे’ हेच?

सरकारने यावर कायदे केले नाहीत असे नाही. १९७४ साली आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा झाला, जमीन महसूल कायद्याचे कलम ३६ कडक झाले आणि जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून आदिवासीची जमीन बिगर आदिवासीस घेता येईना. काही श्रीमंत मंडळी याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात गेली, पण १९८४ साली न्यायालयाने हा कायदा उचलून धरला. मात्र या कायद्याची नजर पाहा. १ एप्रिल १९५७ पासून ६ जुलै १९७४ पर्यंत झालेले व्यवहार तेवढे तो पाहतो. सतरा वर्षे आणि वर तीन महिने! त्याच्या आधीची शंभर वर्षे, ती खावटी, ते एकतर्फी हुकूमनामे, तो राब, तो मोह, हे सारे त्याच्या नजरेच्या पलीकडे. कायद्याला कोठेतरी तारीख घालावीच लागते, त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचे म्हणणे एवढेच की तारखेच्या अलीकडे कायदा बोलतो, पलीकडचे कोणी बोलावयाचे? ते गावाने बोलावयाचे आहे.

आणि १९७४ नंतर तरी सारे थांबले काय? कल्याणकडून रस्ता रुंद झाला, शहापुरातून समृद्धी महामार्ग गेला, शनिवार-रविवार काढण्यासाठी शहरी लोकांना डोंगराकडेला बंगली हवी झाली, आणि वरकस माळाला एकाएकी सोन्याचा भाव आला. ज्या दगडाळ माळाकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते तेथे तारेचे कुंपण आणि ‘खासगी मालमत्ता’ अशी पाटी. कायदा आडवा येतो म्हणता? मुखत्यारपत्र आहे, विसारपावती आहे, आणि जमीन आदिवासीनेच घ्यावी असा नियम असेल तर दुसऱ्या आदिवासीला पुढे करून त्याच्या नावावर घेण्याची युक्ती आहे. या युक्त्या शिकविणारा शेंडीवालाच असतो असा ज्याचा समज असेल त्याने एक दिवस तहसील कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसून पाहावे. सारी आपलीच भावकी भेटेल!

धरणांची कथा आणखी निराळी. आपल्या मुरबाड तालुक्यात काळू नदीवर धरण बांधण्याचे काम २०११ च्या सुमारास वनखात्याची परवानगी न घेता सुरू झाले. ज्या ठाकराने राबासाठी फांदी तोडली तर त्याला दंड, त्याच्याच गावात झाडांसकट डोंगर खणला जाऊ लागला! लोक श्रमिक मुक्ती संघटनेच्या मार्फत उच्च न्यायालयात गेले, आणि २०१२ साली न्यायालयाने काम थांबविले. अडाणी म्हणविणाऱ्या माणसांनी शिकलेल्यांना कायदा शिकविला, याचा आम्हाला मास्तर म्हणून फार आनंद वाटतो.

कातकऱ्याचे दुःख मात्र शेतापाशी नाही, त्याहून खाली आहे. त्याच्या झोपडीखालची जमीनसुद्धा पुष्कळ ठिकाणी त्याची नाही. वाडी तीन-चार पिढ्यांची असते, पण सातबारा गावातल्या एखाद्या खातेदाराचा. पूर्वी शेतावर मजूर हवा म्हणून त्यांना आपल्या माळावर बसवून घेतले. आता मजुराची गरज उरली नाही आणि माळाला भाव आला. मग एके दिवशी पाणवठ्याची वाट बंद होते, मग झोपडीला नवा कूड घालू देत नाहीत, मग दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर गेले की मागे खुंटसुद्धा शिल्लक राहत नाही. वाडीतली पोरे आमच्या हजेरीपुस्तकात कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत गैरहजर दिसतात. वरिष्ठ विचारतात, मास्तर, पोरे का गळतात? पोरे गळत नाहीत, साहेब, वाडीच हलते. सरकारने २०२३ साली अतिमागास आदिम जमातींसाठी मोठी योजना काढली, तीत कातकऱ्याला पक्के घर मिळावयाचे आहे. चांगली गोष्ट आहे. पण घर बांधावयाचे ते हवेत काय? ज्याच्या नावे घराएवढी जागा नाही त्याला घर मंजूर करून उपयोग कोणता? गावठाण वाढवून त्या वाड्या गावठाणात घ्या, हा त्यावर उपाय आहे आणि तो तुमच्या ग्रामसभेपासून सुरू होतो.

आता कोणी म्हणेल, मास्तर, झाले गेले उकरून काय मिळणार? आम्ही परमुलखातले एक उदाहरण देतो. ऑस्ट्रेलिया खंडात १७८८ साली २६ जानेवारीला इंग्रजांनी वसाहत घातली. तेथे हजारो वर्षे राहणाऱ्या मूळ रहिवाशांची जमीन त्यांनी ‘कोणाचीच नाही’ असे गृहीत धरले. जमीन घेतलीही नाही आणि विकतही मागितली नाही. माणसेच नाहीत असे ठरविले की घ्यावयाचे कोणाकडून? हे गृहीत दोनशे वर्षे कायदा म्हणून चालले. एडी माबो नावाच्या एका बेटवासी माळ्याने त्याविरुद्ध दावा लढविला. आमच्या बापजाद्यांच्या बागांच्या हद्दी या आहेत, त्या आम्हाला ठाऊक आहेत, एवढाच त्याचा पुरावा. ३ जून १९९२ रोजी तेथल्या वरिष्ठ न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. माबो तो ऐकावयास नव्हता, त्याच साली जानेवारीत तो वारला होता. पुढे २०१७ साली तेथल्या मूळ रहिवाशांनी एकत्र जमून मागणी केली की, आम्हाला घटनेत आवाज द्या आणि काय घडले ते देशासमोर खरे खरे सांगू द्या. पहिली मागणी २०२३ च्या ऑक्टोबरात लोकांच्या मताला टाकली आणि लोकांनी ती फेटाळली. तरी दुसरे काम थांबले नाही. व्हिक्टोरिया प्रांताने २०२१ साली सत्यकथनासाठी कमिशन नेमले होते. त्याने म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या साक्षी घेतल्या, ज्यांच्या पूर्वजांनी जमिनी घेतल्या त्यांच्या वंशजांचेही ऐकले, आणि २०२५ साली सारे छापून प्रसिद्ध केले.

आपल्याला कमिशनची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्याकडे चावडी आहे. मध्यंतरी संगणकीकरणाच्या वेळी सातबाऱ्याचे चावडीवाचन झाले, ते तुम्हाला आठवत असेल. त्यात फक्त आजची नावे वाचली गेली. आमची सूचना अशी की, प्रत्येक गावाने आपले फेरफार पहिल्यापासून वाचावे, मोठ्याने, ठाकरवाडी आणि कातकरवाडीतल्या मंडळींना पुढच्या रांगेत बसवून. जे कागदात आहे ते मास्तरांनी वाचावे आणि जे कागदात नाही ते त्यांच्या म्हाताऱ्यांनी सांगावे. म्हाताऱ्यांच्या तोंडच्या गोष्टीला कोण विचारतो, असे समजू नका. २००६ च्या वनहक्क कायद्याखालच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब हा पुरावा म्हणून धरला आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत वनहक्काचे दावे फेटाळले गेलेल्यांना जंगलातून काढण्याचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने दिला, आणि पंधरा दिवसांतच त्याला स्थगिती द्यावी लागली. कित्येक दावे नीट न ऐकताच फेटाळले गेले होते, ही त्यातली मुख्य ओरड होती. ऐकून घेतले असते तर?

मघाशी आमच्याशेजारी बसलेले एक दादा म्हणाले, मास्तर, याने गावात भांडणे लागतील, आणि आमच्या आज्याने पैसे मोजून घेतलेली जमीन काय परत द्यावयाची? दादा, ज्याने रास्त मोल देऊन घेतली त्याचा फेरफार वाचला तर त्याला भ्यावयाचे कारण काय? आणि जेथे १९५७ ते १९७४ मधला व्यवहार निघेल तेथे कायदा आहेच, तो तहसीलदार पाहील. त्यापूर्वीचे जे निघेल त्यासाठी कोणी कोणाला कोर्टात ओढणार नाही. पण वाडीची वाट मोकळी करणे, झोपडीखालची दोन गुंठे जागा गावठाणात देणे, वनहक्काच्या दाव्यावर ग्रामसभेत हात वर करणे, एवढे तरी ते ऐकल्यावर आपल्याला जड वाटू नये. शहापूर तालुका पूर्ण आणि आपल्या मुरबाडची काही गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत, तेथे ग्रामसभेचा शब्द १९९६ च्या पेसा कायद्याने अधिक वजनाचा आहे. सत्यशोधकांचे नाव सभेत घ्यावयाचे आणि सत्य शोधावयाचे ते फक्त दुसऱ्याच्या घरात, हे काही बरे दिसत नाही.

तेव्हा कामाचे बोलू. पुढची ग्रामसभा २ ऑक्टोबरला आहे. त्या सभेत हा विषय घ्यावा म्हणून आजच ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्या, आणि गाव नमुना सहाच्या जुन्या नकला तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून मागवा. नकलेस दिवस लागतात, म्हणून घाई करा. नकलेची फी वर्गणीने भरावी, वाडीवाल्यांकडून घेऊ नये. मोडीतले कागद निघाले तर आमच्याकडे आणा. रविवारी दुपारनंतर आम्ही शाळेतच असतो. ज्यांना आजच अर्ज लिहून हवा असेल त्यांनी सभा संपल्यावर मांडवाच्या डाव्या बाजूस थांबावे, कागद आणि शाई आम्ही आणली आहे.